पिवळा व नारिंगी टोमॅटो : चवीची पाहणी

गेल्या वर्षीं माघांत आपल्या मंडळाच्या सभेंत परसबागेचा विषय निघाला असतां आम्हीं असें विधान केलें होतें कीं, "पिवळ्या टोमॅटोंत पाहण्याजोगा रंग आहे, पण खाण्याजोगी चव नाहीं." हें विधान चुकीचें होतें, आणि त्यामुळें एका सभासदाचें नुकसानही झालें. यास्तव तें येथें जाहीरपणें मागें घेणें, व पिवळ्या आणि नारिंगी टोमॅटोंच्या चवींत खरा फरक कोणता, तो कशामुळें पडतो व कसा पारखावा, हें आम्हांस जेवढें उमगलें तेवढें वाचक बंधुभगिनींपुढें ठेवणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. त्या खात्यांत पिकाची आणेवारी ठरवितांना (हल्लीं तिला पैसेवारी म्हणतात) एक दंडक असतो. रस्त्यावर उभें राहून आंकडा लिहावयाचा नाहीं. शेतांत उतरून, ठराविक तुकड्यांतील पीक कापून, मळून, तोलून मग लिहावयाचा. हा दंडक आम्हीं इतरांस अनेकदां ऐकविला, आणि टोमॅटोच्या बाबतींत स्वतःच मोडला. आम्हीं चाखलेला पिवळा टोमॅटो एकाच वाणाचा, एकाच झाडाचा, आणि तें झाडही न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलें. एवढ्यावरून साऱ्या पिवळ्या रंगास आम्हीं नापास केलें.

त्या सभेस आमचे शेजारी तात्या हजर होते. त्यांच्या विहिरीकांठच्या वाफ्यांत 'गोल्डन क्वीन' नांवाच्या पिवळ्या वाणाचीं झाडें होतीं. तीन हंगाम त्यांनीं सर्वांत चांगल्या झाडाचें बीं राखून तो वाण आपल्या जमिनींत रुळविला होता. सभेहून घरीं गेल्यावर त्यांनीं तीं झाडें उपटून उकिरड्यावर टाकलीं, आणि बियांची पुडीही केरांत गेली. चार दिवसांनीं आम्ही सहज त्यांचेकडे गेलों असतां काकूंनीं फळीवर उरलेलें एक पिवळें फळ चिरून, अर्ध्यास मीठ लावून, भाकरीबरोबर आमचेपुढें ठेवलें. एक फोड खाल्ली आणि आमचा हात थांबला.

"काकू, हें कोठलें फळ?" आम्हीं विचारलें.

"तुम्ही नापास केलेलेंच कीं हें, भाऊसाहेब," तात्या म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि त्यामुळेंच तें आम्हांस अधिक लागलें.

उरलेलें अर्धें फळ आम्हीं मागून घेतलें. त्याचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं.

पिढीजाद वाण म्हणजे काय

ज्याचें बीं राखून पेरलें असतां मूळ झाडासारखींच झाडें येतात, व जो एखाद्या कुटुंबानें किंवा गांवानें वर्षानुवर्षें बीं राखून जिवंत ठेविला आहे, तो पिढीजाद वाण होय. आपल्याकडील गांवरान वांग्याची किंवा गांवरान ज्वारीची जी गोष्ट, तीच ही. संकरित वाणाचें तसें नसतें. 'सन गोल्ड' नांवाचा बोराएवढा नारिंगी टोमॅटो गोडीबद्दल जगभर वाखाणला जातो. परंतु तो जपानांतील एका बीज कंपनीनें काढलेला संकरित वाण आहे. त्याचें बीं राखल्यास पुढील पिढींत झाडागणिक फळ निराळें येतें. म्हणून या लेखांत त्याचा विचार केलेला नाहीं.

टोमॅटोच्या पिढीजाद वाणांचा मोठा सांठा अमेरिकेंत आहे. निरनिराळ्या देशांतून तेथें गेलेल्या शेतकरी कुटुंबांनीं आपआपलें बीं बरोबर नेलें व राखलें. पुढें संकरित बियाण्यांमुळें हे वाण नाहींसे होऊं लागले, तेव्हां १९७५ सालीं डायन व केंट व्हीली या दांपत्यानें बीं राखणाऱ्या लोकांची एक संघटना सुरू केली. तीच 'सीड सेव्हर्स एक्सचेंज' ही संस्था. तिचें ठाणें हल्लीं आयोवा राज्यांत डेकोरा येथें आहे. तिचे सभासद आपलें बीं एकमेकांस पुरवितात, आणि पुढें ज्यांचीं नांवें येतील त्यांपैकीं कांहीं वाण अशाच देवघेवीनें टिकून राहिले आहेत.

पिवळा रंग नवा नव्हे

टोमॅटोचा खरा रंग लाल, व पिवळा म्हणजे कांहीं तरी बिघाड, अशी आपली समजूत असते. तिला कारणही आहे. आपल्याकडे उन्हाळ्यांत उष्णता ३० अंशांच्या वर राहिली म्हणजे लाल वाणाच्या फळांत लाल रंग नीट उतरत नाहीं व फळ पिवळट राहतें. विषाणुरोगानेंही फळावर पिवळे डाग पडतात, आणि असें फळ बाजारांत कोणी घेत नाहीं. तो पिवळेपणा दोषच होय. परंतु वाणाचा स्वाभाविक पिवळा रंग ही अगदीं निराळी गोष्ट आहे. १५४४ सालीं माट्टिओली नांवाच्या इटालियन वैद्यानें युरोपांत नव्यानें आलेल्या या फळाचें वर्णन केलें, तें पिकल्यावर सोन्याच्या रंगाचें होतें असेंच केलें. वांग्याप्रमाणें तें तेलांत तळून, मीठमिरी लावून खातात असेंही त्यानें लिहिलें आहे. १५५४ च्या आवृत्तींत त्यानें त्यास 'सोन्याचें सफरचंद' या अर्थाचें नांव दिलें, व इटालियन भाषेंत टोमॅटोस अद्यापि 'पोमोदोरो' असेंच म्हणतात.

गोल्डन क्वीन हा वाण ओहायो राज्यांतील रेनॉल्ड्सबर्ग येथील अलेक्झांडर लिव्हिंगस्टन यानें १८८२ सालीं बाजारांत आणला. हा गृहस्थ टोमॅटोच्या सुधारणेंत अग्रगण्य मानला जातो. आरंभीं अनेक वर्षें तो शेतांतील उत्तम फळ निवडून त्याचें बीं धरीत असे, परंतु पुढील पिढींत तो गुण टिकत नसे. पुढें त्यानें फळ सोडून झाड निवडण्यास सुरुवात केली. ज्या झाडाचीं सर्व फळें सारखीं व चांगलीं, त्याच झाडाचें बीं तो धरूं लागला, आणि तेव्हांपासून त्यास यश येत गेलें. तात्यांनीं ही हकीकत कधीं ऐकली नव्हती. तरी विहिरीकांठीं तीन हंगाम ते हेंच करीत होते.

रंगाचें मूळ

पिवळा व नारिंगी हे दोन रंग एकमेकांच्या शेजारचे दिसले, तरी फळाच्या आंत त्यांचीं कारणें निराळीं आहेत. लाल टोमॅटोचा रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. फळ पिकूं लागलें म्हणजे हें द्रव्य एकदम न बनतां पायरीपायरीनें बनतें. जसें गुऱ्हाळांत कढईंत रस पडतो, त्याची काकवी होते आणि शेवटीं गूळ उतरतो.

पिवळ्या वाणांत या क्रमाची पहिलीच महत्त्वाची पायरी घडवून आणणारें जनुक निकामी झालेलें असतें. म्हणजे कढईंत रसच पडत नाहीं. त्यामुळें लाल किंवा नारिंगी द्रव्य जवळजवळ बनतच नाहीं, व फळ फिकट पिवळें राहतें. सालीचा स्वतःचा पिवळा रंग असेल तर तें अधिक पिवळें, व साल बिनरंगाची असेल तर लिंबासारखें फिकट दिसतें.

नारिंगी वाणांत मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यांत क्रम बराच पुढें जातो, परंतु लायकोपीन होण्याच्या अलीकडील पायरीवर अडतो. कढई काकवीवरच उतरविली, असें म्हणावें. तेथें सांठणारें द्रव्य नारिंगी रंगाचें असतें. यास कारण होणारें जनुक इस्रायलांतील संशोधकांनीं २००२ सालीं ओळखून दाखविलें. दुसऱ्या प्रकारांत क्रम लायकोपीनच्याही पुढें जातो व गाजरांत असतें तें बीटा कॅरोटीन सांठतें. डोळ्यांस दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. पहिल्या प्रकाराच्या टोमॅटोच्या रसांतील लायकोपीन लाल टोमॅटोच्या रसांतील लायकोपीनपेक्षां माणसाच्या शरीरांत सुमारे ८.५ पट अधिक शोषलें जातें, असें २०१५ सालीं ओहायो येथील विद्यापीठाच्या प्रयोगांत आढळून आलें.

तात्पर्य, पिवळें फळ म्हणजे फिकें नारिंगी फळ नव्हे, व नारिंगी म्हणजे अर्धवट पिकलेलें लाल फळ नव्हे.

चव कशाची होते

टोमॅटोची चव तीन गोष्टी मिळून होते: साखर, आम्ल आणि वास.

साखर फळाच्या वजनाच्या मानानें थोडीच असते. साधारणपणें शेंकडा २ ते ४. फळ जितकें लहान तितकी ती सामान्यतः अधिक, व मोठें तितकी कमी. आम्लांत मुख्य लिंबांतील सायट्रिक आम्ल, व त्याखालोखाल सफरचंदांतील मॅलिक आम्ल. बियांभोवतालचा जो बुळबुळीत रस आपण पुष्कळदां काढून टाकतों, त्यांत आंबटपणा व रुचकरपणा गरापेक्षां अधिक असतो. ज्या वाणांत गर फार व हा रस थोडा, तो वाण जिभेस सौम्य लागतो.

येथें एक फार पसरलेला गैरसमज दूर केला पाहिजे. 'पिवळ्या टोमॅटोंत आम्ल नसतें' असें बहुत लोक समजतात. आम्हीं विकत घेतलेल्या एका बियांच्या पाकिटावरही तसेंच छापलें होतें. वास्तविक वर सांगितलेलीं रंगाचीं जनुकें रंगाच्या क्रमावर चालतात, आम्लावर नव्हे. पिवळ्यांतही आंबट वाण आहेत, व लालांतही मिळमिळीत आहेत. साखर अधिक असली म्हणजे आंबटपणा झांकला जातो, आणि आपण समजतों कीं आम्लच नाहीं.

मग रंगाचा चवीशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, परंतु तो तिसऱ्या गोष्टींतून, म्हणजे वासांतून येतो. फळांतील रंगद्रव्यें मोडून त्यांपासून कांहीं सुगंधी, उडून जाणारीं द्रव्यें तयार होतात. रंगद्रव्य बदललें कीं हीं सुगंधी द्रव्येंही बदलतात, हें इस्रायलांतील संशोधकांनीं २००५ सालीं टोमॅटो व कलिंगड यांची तुलना करून दाखविलें. पिवळ्या फळांत मूळ रंगद्रव्यच नसल्यामुळें त्यापासून होणारा वास फार थोडा असतो. नारिंगी फळांत तो असतो, पण लाल फळाहून निराळा. पिवळा टोमॅटो सौम्य व नारिंगी टोमॅटो फळासारखा मधुर लागतो, असें जें अनेक लोक सांगतात, त्यास इतका आधार आहे.

परंतु इतकाच. टोमॅटोच्या वासांत रंगद्रव्यांपासून न होणारींही अनेक द्रव्यें असतात, व तीं वाणागणिक कमीअधिक असतात. फ्लोरिडा येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं इतरांच्या साहाय्यानें २०१७ सालीं नवे, पिढीजाद व रानटी मिळून ३९८ वाण तपासले, व त्यांपैकीं १०१ वाण लोकांस चाखावयास दिले. बाजारी वाणांत चव घडविणारीं अनेक सुगंधी द्रव्यें कमी झालीं आहेत, असें त्यांस दिसलें. उत्पन्न, आकार आणि टणकपणा यांकडे लक्ष देतांना चवीकडे कोणी पाहिलें नाहीं, म्हणून ती हळूहळू निसटली. यावरून वाणावाणांतील अंतर रंगारंगांतील अंतराहून मोठें असूं शकतें, हें ध्यानांत यावें.

कांहीं वाणांची हकीकत

यंदा आम्हीं चार वाण आपल्या परसांत एकाच वाफ्यांत, एकाच खतावर व एकाच पाण्यावर लाविले. रोपें भाद्रपदांत टाकलीं, आश्विनांत लागवड केली व पौषापासून फळें खाल्लीं.

'यलो पेअर' हा दोनशें वर्षांहून जुना वाण. फळ लहान, नासपतीच्या आकाराचें, पिवळें. झाडास फळांचा खच पडतो. चव सौम्य, पाणी अधिक झाल्यास केवळ पाणचट. आमचें गतवर्षाचें विधान याच वाणावरून झालें होतें. यंदा पाणी बेतानें दिल्यावर त्यांत थोडी गोडी आली. तथापि चवीसाठीं लावण्याजोगा हा वाण नव्हे. शोभेस व मुलांच्या हातांत देण्यास चांगला.

'गोल्डन क्वीन' हा पिवळाच, परंतु मध्यम आकाराचा व गरदार. त्याची गोडी व आंबटपणा एकमेकांस धरून आहेत. वास मंद, पण खाल्ल्यानंतर तोंडांत चव राहते. यलो पेअर व हा एकाच ताटांत ठेविले असतां दोन्हींचा रंग एक आहे, यावर जिभेचा विश्वास बसत नाहीं.

'जोन फ्लाम' हा फ्रान्सांतील वाण. या फ्रेंच नांवाचा अर्थ 'पिवळी ज्वाळा', पण फळ मात्र चांगलें नारिंगी. केवळ नांवावरून रंग ठरविणाराची येथें फसगत होते. फळ जर्दाळूपेक्षां थोडें मोठें, आणि चव झणझणीत: आधीं गोड, मागून आंबट. आमच्या घरीं याच्यावर सर्वांत अधिक उड्या पडल्या, व सर्वांत अधिक वादही झाला.

'केलॉग्ज ब्रेकफास्ट' हा अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतला, व मिशिगन राज्यांतील एका रेल्वे नोकराच्या नांवानें प्रसिद्धीस आलेला वाण. न्याहरीच्या पोह्यांच्या त्या नांवाच्या कंपनीशीं त्याचा संबंध नाहीं. फळ फार मोठें, नारिंगी, आंत गरच गर व बिया थोड्या. चव गोड व मधुर. आंबटपणा कमी जाणवतो. मीठ लावल्यावांचून कांहींजणांस तो सपक वाटला. फळ उशीरा येतें, व पाण्याची पाळी चुकली कीं तडकतें.

यांखेरीज आयोवा राज्यांतील अमाना येथील जर्मन वसाहतीच्या नांवाचा 'अमाना ऑरेंज' हा मोठा नारिंगी वाण, व टेनेसी राज्यांतून आलेला बटाट्यासारख्या पानांचा 'लिलियन्स यलो' हा पिवळा वाण, हे तिकडे प्रसिद्ध आहेत. लिलियन्स यलो विशेष ध्यानांत ठेवावा, कारण तिकडील कित्येक जाणते बागाईतदार त्याची गणना अत्यंत चवदार टोमॅटोंत करतात. 'पिवळ्यांत चव नाहीं' या म्हणण्यास याहून चांगलें उत्तर नको.

चव पारखण्याची रीत

ज्यांस स्वतः पारख करावयाची असेल त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या.

१. निदान तीन झाडांचीं फळें घ्यावीं, व दोन निरनिराळ्या तोडणींचीं घ्यावीं. पाणी दिल्यानंतर लगेच तोडलेलें फळ पारखूं नये.

२. फळ झाडावर पुरतें पिकूं द्यावें. लाल फळ डोळ्यांस सांगतें कीं मी पिकलों. पिवळें सांगत नाहीं. त्याचा हिरवटपणा पूर्ण जाऊन रंग गडद झाला, व अंगठ्यानें हलकें दाबतां तें किंचित् दबलें, म्हणजे पिकलें. अर्धें कच्चें पिवळें फळ खाऊन तें आंबट ठरविणें, व उतरलेलें खाऊन सपक ठरविणें, या दोन्ही चुका नेहमीं होतात.

३. फळ थंड कपाटांत ठेवूं नये. १२ अंशांखालील थंडीनें टोमॅटोंतील सुगंधी द्रव्यें घटतात, आणि ५ अंशांवर आठवडाभर ठेविलेल्या फळांत तीं बाहेर काढल्यावरही पूर्ववत् होत नाहींत, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. साखर व आम्ल तेवढेंच राहतें, पण वास जातो.

४. चाखणाराचे डोळे बांधावे. रंग दिसला कीं जीभ डोळ्यांचें ऐकते. आमचे घरीं डोळे बांधल्यावर पिवळा कोणता व नारिंगी कोणता हें सर्वांस ओळखतां आलें नाहीं. चांगला कोणता हें मात्र बहुतेकांनीं एकच सांगितलें.

५. फोड अशी कापावी कीं गर व बियांचा रस दोन्ही तींत येतील. प्रथम मिठावांचून, मग मीठ लावून चाखावी. दोन वाणांच्या मध्यें भाकरीचा तुकडा व घोटभर पाणी घ्यावें.

६. गोडी, आंबटपणा, वास व गर यांस प्रत्येकीं चार आणे धरून सोळा आण्यांत निकाल लिहावा. आंबटपणास गुण देतांना तो कमी असणें म्हणजे चांगला असें धरूं नये. तो गोडीस जुळतो कीं नाहीं हें पाहावें. प्रत्येकानें आपला आंकडा आधीं लिहून मग बोलावें, नाहीं तर घरांतील वडील माणसाचाच आंकडा सर्वांचा होतो.

या रीतीनें आम्ही उभयतां, सूनबाई, दोन नातवंडें, तात्या व काकू असे सातजण बसलों. गोल्डन क्वीनला १२ आण्यांखालीं कोणीं उतरविलें नाहीं. जोन फ्लामला नातवंडांनीं १५ दिले व तात्यांनीं ९. "हा खावयाचा नव्हे, चटणीचा," असें ते म्हणाले, आणि काकूंनीं दुसरे दिवशीं केलेल्या चटणीनें तें खरेंही ठरविलें.

बरणींत भरणारांस इशारा

आम्लाचा गैरसमज केवळ बोलण्यापुरता राहिला तर हानि नाहीं. परंतु जे गृहस्थ टोमॅटोचा रस किंवा फोडी बाटल्यांत भरून महिनोगणती ठेवितात, त्यांस तो घातक होऊं शकतो. पदार्थाचा सामू ४.६ च्या वर गेला, म्हणजे आंबटपणा तेवढा कमी झाला, तर हवाबंद बरणींत बोट्युलिझम नांवाच्या प्राणघातक विषबाधेचे जंतु वाढूं शकतात. आणि टोमॅटो कोणत्याही रंगाचा असो, त्याचा सामू या सीमेच्या अगदीं जवळ असतो. म्हणून अमेरिकेच्या शेती खात्याचा नियम असा आहे कीं, लाल असो, पिवळा असो वा नारिंगी असो, सुमारे अर्ध्या लिटरच्या बरणीस १ मोठा चमचा बाटलींतील लिंबाचा रस, किंवा पाव लहान चमचा सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, घालावें. जीभ आंबट म्हणते यावर येथें विसंबूं नये, कारण साखर जिभेस फसविते. हें आम्ल घातल्यानंतरही बरण्या नेहमींप्रमाणें उकळत्या पाण्यांत ठेवून नीट हवाबंद करणें आवश्यकच आहे.

लागवड करणारांस सूचना

आतां व्यवहाराचें. हा लेख वाचून कोणी अर्धा एकर पिवळा टोमॅटो लावील, तर तो आमचा दुसरा अपराध होईल. नारायणगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील मोठ्या पेठांत जो माल २० किलोच्या क्रेटांतून जातो, तो लाल, टणक व दूरच्या प्रवासास टिकणारा संकरित माल आहे. पिढीजाद वाणाची साल पातळ, फळ मऊ व उत्पन्न अनिश्चित. पिवळें फळ पाहून व्यापारी प्रथम रोगाचीच शंका घेईल. म्हणून आरंभ परसांतील चार झाडांपासून करावा. घरच्या ताटांत चव पटली, व गांवांतील किंवा जवळच्या शहरांतील चार गिऱ्हाइकें फळ चाखून पुनः मागूं लागलीं, तरच पुढचें पाऊल टाकावें.

बीं येथील विक्रेत्यांकडून घ्यावें. परदेशांत असलेल्या मुलाबाळांकडून टपालानें मागवूं नये. बियाण्याच्या आयातीस २००३ च्या रोगप्रतिबंधक आदेशाप्रमाणें परवाना लागतो, व तो नियम आपल्याच पिकांच्या रक्षणासाठीं आहे. पाकिटावर 'संकरित' असें लिहिलें असल्यास तें बीं राखण्याच्या कामाचें नाहीं.

बीं राखण्याची कृति सोपी आहे. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. तरी निवडलेल्या झाडाच्या एका घोसास फुलें उमलण्यापूर्वींच पातळ कापडाची पिशवी बांधावी व फळ धरतांच ती काढून घोसास चिंधी बांधावी. पुरतें पिकलेल्या फळांतील बिया रसासह भांड्यांत काढून दोनतीन दिवस आंबूं द्याव्या, मग धुवून सावलींत वाळवाव्या. पुडीवर वाणाचें नांव व साल लिहावें. कोरड्या, थंड जागीं असें बीं चारपांच वर्षें सहज उगवतें. आणि लिव्हिंगस्टनचा नियम विसरूं नये: फळ पाहून नव्हे, झाड पाहून बीं धरावें.

शेवट

तात्यांच्या घरून आणलेल्या त्या अर्ध्या फळांतून आम्हांस मोजून ६४ बिया मिळाल्या. भाद्रपदांत त्यांतील निम्म्या पेरल्या व निम्म्या राखून ठेविल्या. उगवलेल्या रोपांपैकीं १२ रोपें आम्हीं तात्यांस नेऊन दिलीं व ४ आमच्या वाफ्यांत लाविलीं. वर ज्या गोल्डन क्वीनची हकीकत दिली ती याच रोपांची. पौषांत तात्यांनीं आपल्या १२ झाडांपैकीं दोहोंस चिंधी बांधली. आम्हीं विचारलें, "तात्या, दोनच कां?" तेव्हां ते म्हणाले, "भाऊसाहेब, यंदा तुमच्या शेऱ्याची वाट न पाहतां मीच चाखून बांधली."

त्या दोन झाडांचें बीं आतां दोन घरीं, दोन पुड्यांत आहे. एका घरीं कांहीं झालें तरी दुसऱ्या घरीं राहील. तीन हंगामांची निवड एका वाक्यानें केरांत जाऊं शकते, आणि अर्ध्या फळानें परतही येऊं शकते; पण फळ फळीवर उरलेलेंच असेल, असें दर वेळीं घडत नाहीं. म्हणून कोणत्याही वाणाविषयीं, मग तो टोमॅटो असो, वांगें असो कीं ज्वारी असो, त्याचा रंग किंवा दुसऱ्याचा शेरा ऐकून बीं टाकूं नये. आधीं आपल्या शेतांत, आपल्या पाण्यावर, आपल्या जिभेनें पाहणी करावी.

मंडळाच्या चिटणीसांस आमची विनंती आहे कीं, गतवर्षाच्या सभेच्या इतिवृत्तांत आमचें जें वाक्य नोंदलें आहे तें खोडूं नये. त्यासमोर 'पाहणीअंतीं चुकीचें आढळलें' एवढा शेरा मारून त्यावर आमची सही घ्यावी.